आधी पंप बघा, मग शोरूम

एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. थोडक्यात देतो.

"मी धायरीला राहते, नोकरी शिवाजीनगरला. जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस. आमच्याकडे २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. ती गावात १३ चं अ‍ॅव्हरेज द्यायची, आता साडेदहावर आलीये. क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा दुखतो. नवी गाडी घ्यायचीय, बजेट ऑन-रोड दहा लाख. नवरा म्हणतो छोटी एसयूव्ही घेऊ. भाऊ म्हणतो, डिझेलशिवाय परवडतच नाही. ऑफिसातले सीएनजी घ्या म्हणतात, शोरूमवाल्याने हायब्रिड दाखवली आणि मुलीला इलेक्ट्रिकच हवीय. सोसायटीत पार्किंग उघड्यावर आहे, तिथे प्लग नाही. कमिटी म्हणते, पुढच्या सभेत बघू. दोनेक महिन्यांतून एकदा सासूबाईंना घेऊन वाईला जातो. गावात कमीत कमी खर्चात चालेल अशी गाडी कोणती? आणि जुनी ठेवायची की विकायची?"

नमस्कार ताई,

पाच जणांनी सुचवलेल्या पाचही गाड्या कुणाच्या ना कुणाच्या कामाच्या आहेत. तुमचे भाऊ महिन्याला तीन हजार किलोमीटर हायवेवर फिरत असतील, तर त्यांचं डिझेल त्यांना परवडतही असेल. तुमचं रोजचं जाणं-येणं मात्र धायरी फाटा ते शिवाजीनगर असं आहे. सिंहगड रस्त्यावर उड्डाणपूल झाल्याने काही सिग्नल सुटले, तरी दांडेकर पुलाच्या पुढे संध्याकाळी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, हे तुम्हीच जास्त जाणता. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या वाहतुकीच्या यादीत पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त लागतात असं दिसलं होतं. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. तुमची गाडी या वेगासाठी निवडायची आहे.

आता ब्रोशरमधल्या मायलेजकडे बघू. हा आकडा प्रयोगशाळेत काढतात, आपल्या पुण्यातली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था हे त्यातलं मोठं नाव. गाडी रोलरवर उभी करतात आणि वेगाच्या ठरवून दिलेल्या चढउताराने वीस मिनिटांच्या आत साधारण साडेदहा किलोमीटर चालवतात. एसी बंद असतो. शेवटच्या टप्प्यात वेग ताशी ९० पर्यंत जातो. सगळ्या गाड्यांची परीक्षा सारखीच असते, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला. पण ती परीक्षा दांडेकर पुलावर मे महिन्यात एसी लावून दिलेली नाही. सेलेरिओच्या एएमटीला, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या मॉडेलला, कागदावर लिटरला २६.६८ किलोमीटर मिळतात. तुमच्या रस्त्यावर तिने १४-१५ दिले तरी गाडी उत्तम आहे असंच समजा.

म्हणून मी तुम्हाला हिशेब उलटा मांडायला सांगतो. लिटरला किती किलोमीटर हे विसरा, वर्षाला किती लिटर ते मोजा. ऑफिसचे महिन्याला सहाशे आणि रविवारचं इकडचं तिकडचं शंभर धरलं, तर वर्षाला ८,४०० किलोमीटर होतात. जुनी गाडी साडेदहा देते, म्हणजे ८०० लिटर. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर ८३,२०० रुपये. चौदा देणाऱ्या गाडीला ६०० लिटर पुरतात. इथेच वर्षाचे वीस हजार वाचले.

यातला खाचखळगा बघून ठेवा, कारण शोरूममध्ये तो कुणी दाखवणार नाही. चौदा देणाऱ्या गाडीऐवजी अठरा देणारी घेतलीत, तर वर्षाला साधारण १३० लिटर वाचतात. तेवढेच लिटर वीस देणाऱ्या गाडीवर वाचवायचे असतील, तर तिला एकोणतीसच्या वर न्यावं लागेल. मायलेज जसं वाढत जातं तसा प्रत्येक पुढच्या किलोमीटरचा फायदा रोडावतो, आणि त्या पुढच्या किलोमीटरसाठी मोजायची किंमत मात्र वाढत जाते.

तुमचं बरंचसं पेट्रोल गाडी उभी असताना जळतं. एसी लावून जागेवर चालू असलेलं बाराशे सीसीचं इंजिन तासाला साधारण पाऊण लिटर किंवा थोडं जास्त पेट्रोल पितं. बारा किलोमीटरच्या एका खेपेत पंचवीस मिनिटं उभं राहणं झालं, की पाव लिटरहून जास्त पेट्रोल एक फूटही पुढे न जाता संपतं. उरलेल्यातलं पुष्कळ दर सिग्नलनंतर गाडीला पुन्हा वेग देण्यात जातं, आणि तो वेग पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबून आपण उष्णता करून सोडून देतो. हे नुकसान वजनाच्या प्रमाणात वाढतं. छोट्या एसयूव्हीला माझा नकार आहे तो याच कारणाने. वॅगन-आर किंवा सेलेरिओसारखी गाडी साडेआठशे किलोच्या आसपास असते, टियागो हजारच्या, आणि चार मीटरच्या आतल्या बऱ्याच एसयूव्ही बाराशेला टेकतात. त्यात टर्बो पेट्रोल इंजिन असलं तर कागदावर वीस लिहिलेलं असतं, आणि गर्दीत दहा-अकरा हाती येतात. उंच बसायला मिळतं, खड्ड्यांची भीती कमी होते, हे तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं आहे. पण तुम्ही विचारलंय कमीत कमी खर्चाचं, आणि रोज गाडी तुम्ही चालवणार.

डिझेलचा विषय दोन वाक्यांत संपतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला, तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, आणि ती काजळी जाळून साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग बऱ्या वेगाने पळावी लागते. तुमच्या बारा किलोमीटरच्या रखडत्या खेपांत ती गाळणी तुंबत राहील आणि डॅशबोर्डवर दिवा लागत राहील, म्हणून डिझेल घेऊ नका.

हायब्रिडबद्दल शोरूमवाला खोटं बोललेला नाही. ग्रँड विटारा किंवा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडला कागदावर जवळजवळ २८ मिळतात, आणि मुख्य म्हणजे गावातल्या गर्दीतही ती वीसच्या आसपास राहते. सिग्नलला इंजिन बंद असतं, हळू चालताना मोटर गाडी ओढते, आणि ब्रेक लावला की वाया जाणाऱ्या वेगातला काही भाग बॅटरीत परत येतो. गर्दीसाठी हे तंत्र उत्तम आहे. पण या गाड्या तुमच्या बजेटच्या दीडपटीच्या पुढे जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्या १८ टक्क्यांवर आल्या. या हायब्रिड चार मीटरपेक्षा लांब, त्यामुळे त्या ४० टक्क्यांत बसतात. चौदा देणाऱ्या गाडीच्या तुलनेत वीस देणारी गाडी तुमचे वर्षाला १८० लिटर वाचवेल, म्हणजे एकोणीस हजारांच्या आत-बाहेर. त्यासाठी सहा-सात लाख जास्त मोजले तर ते तुमच्या हयातीत वसूल होणं अवघड आहे. 'स्मार्ट हायब्रिड' किंवा 'माइल्ड हायब्रिड' लिहिलेली गाडी दाखवली, तर ती ही नव्हे. तिची मोटर इंजिनाला हात लावते, एकटीने गाडी ओढत नाही.

तुमच्या मुलीचं मात्र बरोबर आहे. रोज चोवीस किलोमीटर, ठरलेला रस्ता, गर्दी, रात्री गाडी एका जागी उभी. इलेक्ट्रिकला याहून सोयीचा वापर नाही. क्लच नाही, गिअर नाही, गुडघ्याचा प्रश्नच मिटला. टियागो इव्हीसारखी छोटी गाडी एका युनिटमध्ये गावात आठ किलोमीटर सहज जाते. घरचं युनिट दहा रुपयांचं धरलं तरी वर्षाची वीज साडेदहा हजारांत बसते. पेट्रोलच्या ६२ हजारांपुढे हा आकडा ठेवून बघा. जीएसटी ५ टक्केच आहे. जी काही जास्त किंमत पडते ती इंधनातून भरून निघते, आणि छोट्या बॅटरीची गाडी दहा लाखांत बसते.

सगळं अडतंय ते प्लगवर. म्हणून शोरूमची पुढची चक्कर मारण्याआधी कमिटीला लेखी अर्ज द्या, तोंडी नको. "पुढच्या सभेत बघू" हे उत्तर तोंडी प्रश्नाला मिळतं. अर्जात स्पष्ट लिहा की चार्जिंगसाठी महावितरणचं वेगळं मीटर माझ्या नावावर घेईन, मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंतची केबल आणि फिटिंगचा खर्च माझा, काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून होईल. कमिटीला सहसा दोन भीती असतात, बिल सोसायटीच्या माथी येईल आणि आग लागेल. या दोन्हींचं उत्तर अर्जातच दिलं की होकार लवकर मिळतो. उघड्या पार्किंगला पावसाची काळजी वाटेल, पण पाणी न शिरणारी पेटी आणि नीट अर्थिंग असलं की काम होतं. अर्थिंग मात्र मोजून घ्या. सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर इलेक्ट्रिक घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. तिथलं युनिट घरच्यापेक्षा पुष्कळ महाग, आणि दिवसभर काम करून आल्यावर चार्जरपाशी ताटकळत बसणं वर्षभर जमत नाही. वाईची खेप एवढ्या छोट्या बॅटरीवर जाऊन-येऊन होणार नाही, तिकडे पोचल्यावर चार्ज करावी लागेल. तिथे जिथे उतरता त्या घरी पंधरा अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग असेल, तर रात्रीत काम होतं.

दोन महिने थांबा. परवानगी आली तर इलेक्ट्रिक घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही.

नाही आली तर सीएनजी, आणि त्यातही क्लच नसलेली. सीएनजी आणि एएमटी ही जोडी भारतात पहिल्यांदा टाटाने फेब्रुवारी २०२४ मध्ये टियागो आणि टिगोरमध्ये आणली. टियागोचा कागदावरचा आकडा किलोला २८.०६ किलोमीटर आहे. गावात वीस धरा. वर्षाला ४२० किलो गॅस, ९० रुपये किलोने ३७,८०० रुपये. पेट्रोलच्या त्याच गाडीपेक्षा वर्षाला २४-२५ हजार कमी. सीएनजी मॉडेलला नव्वद-पंच्याण्णव हजार जास्त पडतात, ते चार वर्षांत निघतात. तुम्ही मागची गाडी एवढी वर्षं वापरलीत, तेव्हा त्यानंतरची सगळी वर्षं निव्वळ बचतीची. महाराष्ट्रात सीएनजी गाडीला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा कमी लागतो, आणि गॅसवरचा व्हॅट २०२२ च्या एप्रिलपासून साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला आहे. इथे धरलेले भाव बदलत राहतात. तुमच्या दिवशीचे भाव घालून हीच बेरीज पुन्हा करा.

पण सीएनजी घ्यायची तर पंप आधी, गाडी नंतर. तुमच्या रोजच्या वाटेवर, ऑफिसला जाताना डाव्या हाताला किंवा येताना सहज वळता येईल असा पंप कोणता, ते शोधा. मग ऑफिसातून सुटण्याच्या वेळेला तिथे थांबून रांग बघा. एकदा बघून कळत नाही. सोमवारी बघा, शनिवारी बघा, पहाटे एकदा बघा. रांगेतल्या रिक्षावाल्याला विचारा, "इथे प्रेशर असतं का?" त्याच्याइतकं खरं उत्तर कुणी देणार नाही. सगळे पंप सारखे नसतात. काही थेट एमएनजीएल या गॅस कंपनीच्या पाइपलाइनवर असतात, तिथे गॅस सतत येत राहतो. काहींना ट्रकवरच्या सिलिंडरांतून गॅस येतो. ट्रक रिकामा होत आला की दाब उतरतो, आणि तुमच्या टाकीत आठ किलोऐवजी पाचच किलो बसतात. मीटर पैसे किलोचेच घेतं, त्यात फसवणूक नाही, पण सहा दिवसांऐवजी चौथ्या दिवशी पुन्हा रांगेत यावं लागतं. दुपारच्या तापलेल्या टाकीत गॅस कमी मावतो, पहाटे जास्त. गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, हे सासूबाईंच्या दृष्टीने लक्षात ठेवा. वाईला निघायच्या आदल्या दिवशीच टाकी भरून ठेवा.

तुमच्या वापराला आठवड्यातून एकदा भरलं की पुरेल. ती एक खेप पंधरा-वीस मिनिटांत होत असेल तर सीएनजी निःशंक घ्या. पाऊण तास लागत असेल तर घेऊ नका, कितीही बचत दिसली तरी. वर्षभरात ते चाळीस तास होतात, आणि ते तुमच्याच वेळेतून जाणार.

कंपनीनेच बसवलेली सीएनजी घ्या. बाहेरून किट बसवलं तर नव्या गाडीच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यायची असते, ती तारीख सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवा. टियागोमध्ये दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी आडवे बसवलेत, त्यामुळे वाईची तांदळाची पोती नाही तरी दोन बॅगा राहतात. एकच मोठा सिलिंडर असलेल्या गाडीची डिकी उघडून बघा, मग कळेल मी हे का लिहितोय. खंबाटकीच्या घाटात भरलेली गाडी गॅसवर दमते. चढाच्या आधी बटण दाबून पेट्रोलवर घ्या, घाट संपला की परत गॅसवर. त्यासाठी टाकीत थोडं पेट्रोल कायम हवं.

आणि पंपही दगा देणारा निघाला, तर साधी पेट्रोल एएमटी. वॅगन-आर, सेलेरिओ, स्विफ्ट, टियागो यातली जी चालवायला आवडेल ती. चौघींत वर्षाला पाच-सहा हजारांहून जास्त फरक पडणार नाही. तेव्हा सीट, सर्व्हिस सेंटरचं अंतर आणि सुरक्षा बघून ठरवा.

एएमटीबद्दल एक सांगायलाच हवं. ती खऱ्या अर्थाने ऑटोमॅटिक नाही. आत तुमच्या जुन्या गाडीसारखाच क्लच आणि गिअरबॉक्स असतो, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. म्हणून मायलेज मॅन्युअलइतकंच मिळतं, काही गाड्यांत किंचित जास्त. गिअर बदलताना मात्र गाडी क्षणभर थबकते आणि मान पुढे जाते. पायाने अ‍ॅक्सिलरेटर थोडा सैल केला की तो झटका कमी होतो, आठवड्याभरात सवय लागते. चढावर थांबलात तर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेकवर धरा, नाहीतर आतला क्लच जळतो. टेस्ट ड्राइव्ह शोरूमवाल्याच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. संध्याकाळी सहाला गाडी मागा, एसी लावून धायरी फाट्याच्या गर्दीत न्या, आणि एखाद्या चढावर थांबवून पुन्हा सुरू करा. दहा मिनिटांत गुडघाच सांगेल.

आता जुन्या गाडीकडे. १३ वरून साडेदहावर येण्यात थोडा वाटा पेट्रोलचाच आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने कमी. जुन्या धाटणीच्या गाड्यांचं मायलेज त्याने ६-७ टक्के उतरू शकतं, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला होता. तेरातून जेमतेम एक गेला. बाकीचा दीड गर्दीत, हवा कमी असलेल्या टायरमध्ये आणि जुन्या एअर फिल्टरमध्ये गेलाय. नवी येईपर्यंत दर पंधरा दिवसांनी सकाळी टायर गार असताना हवा भरा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, पंपावरच्या मुलाच्या अंदाजाने नको. नव्या गाड्या या पेट्रोलसाठीच बनवलेल्या आहेत, तिथे ही चिंता करू नका.

जुनी विकाच, आणि वेळ न दवडता. २०१२ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतात. त्यानंतर फिटनेस तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, त्याची फीच पाच हजार आहे, दुरुस्ती वेगळी. घेणाऱ्यालाही हे माहीत असतं, त्यामुळे जितकी ती तारीख जवळ येईल तितका भाव पडेल. विकण्याआधी नवी सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्या, कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा काढा, आणि ज्याला विकाल त्याच्या नावावर गाडी चढल्याशिवाय फाइल बंद करू नका. नाहीतर सिग्नल तोडेल तो, आणि चलन येईल तुमच्या मोबाइलवर.